डाव्या टायरवरची खूण

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी मास्तरांचं नाव सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं, शाळेतले कुणी गुरुजी असतील. मीही लगेच खुलासा करत नाही. मास्तर स्वतः सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी मला जे शिकवलं, ते वाघोलीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, टायरांच्या थप्पीशेजारी उकिडवं बसून.

त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं. ते मी इथे लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. सगळे ड्रायव्हर त्यांना मास्तर म्हणत, कारण त्यांच्या खाकी शर्टाच्या खिशात कायम पांढऱ्या खडूचे दोन-तीन तुकडे असत. कितीही धुतला तरी त्या खिशाचा तळ पांढराच. उंची बेताची, पाय किंचित फाकलेले, आणि उजव्या हाताचा पंजा अंगाच्या मानाने मोठा. त्या पंज्याने ते टायर वाचायचे. टायरवर तो सपाट ठेवायचे, बाहेरून आत न्यायचे, मग आतून बाहेर. डोळे तेवढा वेळ भलतीकडेच, रस्त्याकडे किंवा आभाळाकडे. एखादी बाई तांदळात हात घालून खडा शोधताना गप्पा मारत असते ना, तसे.

आणि समोर कुणीही असो, त्याला एकच वाक्य. "हात लाव."

मी परांड्याचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. वडील बाजार समितीत हमाली करायचे. मी बी.कॉम. झालो तेव्हा त्यांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र काचेत बसवून आणलं आणि भिंतीवर अशा जागी लावलं की दारातून आत येणाऱ्याला आधी तेच दिसावं. त्या पदवीच्या जोरावर मी पुण्यात आलो आणि वाघोलीच्या एका माल वाहतूक कंपनीत खरेदी सहायक म्हणून लागलो. कंपनीच्या बावीस डिझेल पिकअप होत्या. हिंजवडीच्या ऑफिसांमधली कँटीनं आणि पुण्याच्या आसपासच्या वसतिगृहांच्या खानावळी यांना किराणा, तेलाचे डबे, भाजी पोचवायचं काम. टायर, फिल्टर, बॅटऱ्या यांची खरेदी माझ्याकडे आली.

आमचे मॅनेजर शनिवार पेठेतले. पहिल्या दिवशी त्यांनी मला फाइल दिली आणि चष्म्यावरून पाहत विचारलं, "टायर काळे असतात आणि गोल असतात, एवढं आपल्याला माहीत आहे ना?" मी हो म्हणालो. "उत्तम. मग बाकीचं शिकाल."

फाइल घेऊन मी खाली यार्डात आलो. मास्तर एका गाडीच्या पुढच्या चाकापाशी बसले होते. मी फाइलीत बघून विचारलं, हे टायर कधी बदलायचे. ते म्हणाले, तुम्हीच सांगा की सायेब. मी वाकून पाहिलं. नक्षी खोल होती, काळाभोर रंग होता. मी म्हणालो, अजून बरेच दिवस जातील असं दिसतंय.

"दिसतंय," मास्तर म्हणाले. "हात लाव."

मी हात लावला. बाहेरून आत नेला तर गुळगुळीत. उलटा आणला तर तळव्याला करवतीसारखं टोचलं. मी दचकून हात काढला. मास्तर हसले नाहीत. चाकं सरळ चालत नाहीत, फरफटत चाललीत, असं त्यांनी सांगितलं. अलाइनमेंट करून घेतली नाही तर हे नवंकोरं टायर दिवाळी बघायचं नाही. मग माझ्या तळव्याकडे बघून म्हणाले, "मऊ हाय. होईल हळूहळू."

मी 'सायेब' झालो तो तेव्हापासून. नंतर ते मला तू म्हणायला लागले, पण सायेब सुटलं नाही. "सायेब, इकडं ये" असं ते हाक मारत, आणि आदर व चेष्टा यांतलं नेमकं काय ते मला कधी ठरवता आलं नाही.

मास्तर सकाळी सहाला यार्डात असत. टायर गार असतानाच त्याची हवा खरी कळते, चार किलोमीटर चाललं की रबर तापतं आणि हवा फुगते, हे त्यांचं म्हणणं. हवेच्या मीटरवर त्यांचा भरवसा होता, पण तेवढ्यावर ते थांबत नसत. माल भरलेल्या गाडीच्या टायरवर ते खडूने एक आडवी रेघ ओढत, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग ड्रायव्हरला गाडी सरळ दहा पावलं पुढे घ्यायला सांगत. रेघ मधे पुसली गेली तर हवा जास्त, टायर पोटावर चालतंय. दोन्ही कडांना पुसली आणि मधे तशीच राहिली तर हवा कमी, नाहीतर ओझं जास्त. सगळीकडे सारखी पुसली तर गाडी जायला मोकळी.

एवढं झालं की ते पुढच्या डाव्या टायरच्या कडेला खडूने एक छोटी बरोबरची खूण करायचे, वहीत गुरुजी करतात तशी. फाटकावरचा वॉचमन ती खूण बघूनच आडवा बांबू वर करायचा. नियम कुठे लिहिलेला नव्हता. मालकांनी काढला नव्हता, मॅनेजरांनी तर नाहीच. मास्तरांनी सुरू केला आणि चालू राहिला.

त्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. तरुणपणी ते दुसऱ्या एका गॅरेजात होते. एका सकाळी गडबडीत एक टायर त्यांनी नुसतं बघितलं आणि बरं आहे म्हणाले. ते दिवेघाटात फुटलं. ड्रायव्हर त्यांचा मित्र. जगला, पण पायाने अधू झाला. "दर दिवाळीला चकल्या पाठवतो," मास्तर म्हणाले. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

ड्रायव्हरांना मास्तरांचा धाक होता, त्याचं खरं कारण हे की त्यांच्यापासून काही लपत नसे. आमच्याकडे बबन नावाचा ड्रायव्हर होता. आनंदी माणूस, जागेवर उभ्या गाडीचं स्टिअरिंग गरागरा फिरवायची वाईट खोड. एका सोमवारी मास्तरांनी त्याच्या टायरच्या खाचेतून एक बाभळीचा काटा आणि चिकट काळ्या मातीचा गोळा काढला. आमच्या गाड्यांच्या कुठल्याच रस्त्यावर काळी माती नाही. मास्तरांनी तो गोळा बोटांत चुरला आणि विचारलं, सासूबाईंची तब्येत काय म्हणते. बबन पंधरा दिवस त्यांच्यासमोर मान वर करत नव्हता. कंपनीची गाडी घेऊन तो रविवारी सासुरवाडीला गेला होता, हे मास्तरांनी वरती मात्र कधी सांगितलं नाही.

मॅनेजरांचाही एक किस्सा आहे. त्यांच्या स्वतःच्या मोटारीचं टायर आतल्या बाजूने झिजत होतं. मास्तरांनी जाता जाता ते सांगितलं. मॅनेजर म्हणाले, "मी आपलं मत मागितलं नव्हतं."

"तुम्ही न्हाई. टायरनं मागितलं," मास्तर म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे गेले. पुढच्या आठवड्यात मॅनेजरांनी गुपचूप काम करून घेतलं. दोघांपैकी कुणीच त्याचा परत उल्लेख केला नाही. पुण्यात याला आभार म्हणतात.

मी फाइलीत टायरांचे तक्ते बनवत होतो. टिकाऊ टायर कोणतं, हा माझा प्रश्न असायचा. मास्तरांना तो प्रश्नच चुकीचा वाटे. टिकाऊ म्हणून कुठलं टायर नसतं, म्हणायचे, आधी गाडीला विचार कुठे जातेस आणि काय वाहतेस. हिंजवडीच्या गाड्या दिवसभर थांबत-सरकत चालतात, सिमेंटचा रस्ता रबर खरवडतो. तिथे कडक रबर हवं, उथळ नक्षी चालेल. घाटातल्या गाडीला ब्रेकवर धरून ठेवणारं रबर हवं, मग ते थोडं लवकर गेलं तरी जाऊ दे. जाताना भरलेली आणि येताना रिकामी अशी गाडी असेल तर भरल्या ओझ्याची हवा रिकाम्या गाडीला जास्त होते आणि टायरचं पोट झिजतं. म्हणून पुढची-मागची टायरं वेळच्या वेळी आपापसांत फिरवायची. नवं टायर घेताना त्याच्या अंगावरचे चार आकडे बघायचे, कुठल्या वर्षी जन्मलं ते कळतं. दुकानात पॉलिश लावून चमकवलेलं टायर चार वर्षांचं म्हातारं असू शकतं. हे सगळं मी लिहून घेत असे. ते म्हणत, लिहितोस ते ठीक, पण हात लाव.

एकदा माझे वडील मला भेटायला आले. स्वारगेटला उतरले, वाट चुकत विचारत दुपारी यार्डात पोचले. वर ऑफिसात न्यावं तर त्यांच्या पायांतल्या चपला बघून त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. मास्तरांनी एका आडव्या टायरवर गोणपाट टाकलं, वडिलांना बसवलं, चहा मागवला. दोघे बराच वेळ बोलत होते. मी जवळ गेलो तेव्हा मास्तरांचा पंजा वडिलांच्या मानेमागे होता. हमालाच्या मानेखाली, खांद्यावर, एक घट्ट गोळा तयार होतो. मी लहानपणापासून तो बघत आलोय, कधी हात लावला नव्हता.

"उजव्याच खांद्यावर वाहिलंय सगळं," मास्तर म्हणाले. "फिरवलं न्हाई कधी?"

वडील इतके हसले की त्यांच्या हातातला चहा सांडला. मी त्यांना असं हसताना आधी पाहिलं नव्हतं.

आता माझ्या चुकीबद्दल सांगतो.

नोकरीला लागून चौथा महिना होता. घाटात जाणाऱ्या सहा गाड्यांची टायरं एकदमच बदलायची होती. मी तीन दुकानांकडून दर मागवले, तक्ता केला. एका दुकानदाराकडे नेमक्या मापाची टायरं पुष्कळ स्वस्त होती. माप जुळलं. जन्माचे आकडे मी आठवणीने विचारले, तेही ताजे. नक्षी खोल. मॅनेजर तक्ता बघून "पदवीचा उपयोग होतोय तर" म्हणाले. त्या वाक्यावर मी दोन दिवस तरंगत होतो. टायरं आली आणि मी स्वतः उभा राहून उतरवून घेतली.

मास्तरांनी पहिलं टायर उभं केलं, कडेच्या अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि मला हाक मारली. वाच म्हणाले. मी माप वाचलं. पुढे वाच. मापाच्या पुढे आणखी एक लहान आकडा होता. मी वाचला. मग त्यांनी मला जुन्या, काढायच्या टायरवरचा तोच आकडा वाचायला लावला. तो मोठा होता.

तो आकडा वजनाचा असतो. टायर किती ओझं पेलेल ते सांगणारा. मी मागवलेली टायरं पिकअपच्याच मापाची होती, पण माणसं बसायच्या गाडीची होती. आमच्या गाड्या कांदे-बटाटे वाहायच्या.

 मी हळू आवाजात म्हणालो, माप तेच आहे ना मास्तर, बसेल. ते म्हणाले, बसेल की, बसायला काय. मी इकडेतिकडे बघितलं आणि त्यांना विनवणी केली. चौथाच महिना आहे, वरती कळलं तर मला ठेवणार नाहीत, परांड्यात वडिलांनी सगळ्यांना सांगितलंय. एवढ्या वेळेला बसवून टाका. हे मी म्हणालो. तुमच्यापासून लपवत नाही.

मास्तरांनी हातातलं टायर भिंतीला टेकवलं. मग म्हणाले, "तुझा बाप एका खेपेला किती उचलतो?"

"एक पोतं."

"आन वरती दुसरं टाकलं तर?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"उचलंल. चारचौघांत लाज नको म्हणून उचलंल. ह्येबी उचलंल. घाटापर्यंत."

मग त्यांनी सांगितलं की माझं नाव ते कुणापुढे घेणार नाहीत. पण ही टायरं ते बसवणारही नाहीत.

मॅनेजर खाली आले. मी फोन करून पाहिला होता, पण दुकानदार माल परत घ्यायला तयार नव्हता आणि गाड्या खोळंबल्या होत्या. त्यांनी विचारलं, "अहो, आपण टायर बसवता की कीर्तन करता?"

"बसवत न्हाई," मास्तर म्हणाले.

त्यांनी आकडा दाखवला. मॅनेजरांनी तो वाचला आणि मागे हात बांधले. थोडं कमी भरू म्हणाले. मास्तरांनी विचारलं, यार्डात वजनकाटा आहे का. नव्हता. ड्रायव्हर कमी भरतील का. भरणार नव्हते, हे मॅनेजरांनाही ठाऊक होतं. शेवटी त्यांनी विचारलं की ही टायरं मागवली कुणी. माझ्या सहीचा तक्ता वरती त्यांच्याच टेबलावर होता. तरी त्यांना ते मास्तरांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"कुणी मागवली ते टायरवर लिवलेलं न्हाई," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर साडेसहालाच हजर. नगर रोडवरचा एक पंक्चरवाला त्यांनी बोलावला होता. त्याने बबनच्या गाडीला नवी टायरं चढवली. गाडी भरलेली होती, घाटापलीकडच्या सासवडच्या वसतिगृहाचा किराणा, वर ताडपत्री. बबनने गाडी फाटकाशी नेली. वॉचमनने डावं टायर बघितलं. खूण नव्हती. त्याने बांबूला हात लावला नाही.

मॅनेजर म्हणाले, उघड. वॉचमन म्हणाला, खूण नाय साहेब. तो मास्तरांच्या बाजूने भांडत नव्हता. त्याला त्या बांबूचा दुसरा काही वापरच माहीत नव्हता.

मास्तर शेडच्या तोंडाशी उभे होते, हात मागे. मॅनेजर त्यांच्याकडे गेले, सरळ हात घालून त्यांच्या खिशातला खडूचा एक तुकडा काढला आणि माझ्याकडे चालत आले. "आपण पदवीधर आहात. खूण करायला सातवीपेक्षा जास्त शिक्षण चालत असावं," असं म्हणून त्यांनी तो माझ्या हातात ठेवला.

मी खूण केली.

हे मी अनेकदा वेगळ्या पद्धतीने सांगून पाहिलंय, पण झालं ते असं की मी चालत गेलो, वाकलो, आणि डाव्या टायरवर बरोबरची खूण केली. मास्तरांच्या खुणेपेक्षा ती सुबक होती. मी उठत असताना बबनने खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं, "साहेब, हात लावलात ना?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. मी हो म्हटलं असतं तर तो घाटात गेला असता.

मी बाहीने खूण पुसली. मग वळून मॅनेजरांना सांगितलं, सगळ्यांसमोर, की टायरं मी मागवली, वजनाचा आकडा मी वाचला नाही, चूक माझी आहे, आणि ही गाडी जाऊ नये.  

मॅनेजर काही बोलायच्या आत मास्तर पुढे आले. माझ्या हातातला खडू घेतला, मागच्या टायरवर आडवी रेघ ओढली, हवा मीटरने दाखवली, त्या टायरला चालते तितकी पूर्ण होती. बबनला दहा पावलं पुढे जायला सांगितलं. फाटक बंदच होतं, म्हणून बबनने आधी गाडी मागे घेतली आणि मग पुढे आणली. मॅनेजर वाकले. रेघेच्या दोन्ही कडा पुसून गेल्या होत्या. मधला खडू जसाच्या तसा. पूर्ण हवा भरूनसुद्धा ते टायर दोन्ही खांद्यांवर टेकलं होतं.

मॅनेजर गुडघ्यांवर हात ठेवून उठले. मग "असं" एवढंच म्हणाले आणि जिना चढून वर गेले. बबनची टायरं उतरवली गेली. ती टायरं पुढे कित्येक महिने शेडमागे पडून होती.

मला कुणी काढलं नाही. मास्तरांना मात्र दोन महिन्यांनी निवृत्त करायचं ठरलं. साठी उलटली होती, हे खरं होतं. ती उलटून तीन वर्षं झाली होती, हेही खरं होतं. मॅनेजर स्वतः खाली आले. मी त्यांना दोष देणार नाही, त्यांनी मान्य केलं तेही सगळ्यांसमोर. "आपण बरोबर होतात. आता विश्रांती घ्या."

"बरोबर होतो म्हणून विश्रांती?" मास्तरांनी विचारलं. 

निरोपाला शाल आणि नारळ आणला होता. मास्तरांनी नारळ वॉचमनला दिला. शाल घेतली नाही. म्हणाले, ही उन्हातल्या टायरांवर टाका, उन्हाने रबर तडकतं. भाषण करा म्हणून ड्रायव्हर मागे लागले तर ते म्हणाले की बावीस गाड्या अजून बघायच्या आहेत. आणि खरंच, त्या सकाळी त्यांनी बावीसच्या बावीस गाड्यांच्या टायरांना हात लावला, बावीस खुणा केल्या, शेवटची गाडी गेल्यावर नळावर हात धुतले आणि बस पकडली. मागे वळून बघितलं नाही. मला वाटलं होतं, निदान एक खडू तरी माझ्या हातात ठेवतील. दुसऱ्या दिवशी सहाला यार्डात आलो तेव्हा लक्षात आलं, खडू तर कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. मी एक पेटी घेतली.

आता मास्तर श्रीगोंद्याजवळ मुलीकडे असतात. इतकी वर्षं कंप्रेसरच्या आवाजात काढल्यामुळे फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही. म्हणून मी पत्र लिहितो. उत्तर येतं, एका ओळीचं. ते मॅनेजरही निवृत्त झाले, कंपनी नव्या लोकांकडे गेली, आणि यार्ड माझ्या ताब्यात आहे. गेल्या महिन्यात पाठवलेलं पत्र इथे देतो.

"ती. मास्तर यांस साष्टांग नमस्कार.

डावा गुडघा दुखतो असं तुम्ही लिहिलंत. भार उजव्यावर घेत जा, अधूनमधून फिरवा. हे मी तुमच्याकडूनच शिकलो. बाबा बरे आहेत, तुमची आठवण काढतात. त्यांनी आता काम सोडलं.

इथे नवीन पद्धत आलीय. ड्रायव्हरने सकाळी टायरचा फोटो काढायचा, मोबाइल फोटो बघून सांगणार गाडी जाऊ शकते की नाही. नव्या मालकांच्या हिंजवडीच्या ऑफिसातून एक तरुण मॅडम समजावून सांगायला आल्या होत्या. हुशार आहेत, चांगल्या बोलल्या. शेवटी म्हणाल्या, आता फाटकावरची खूण बंद करू. मी म्हणालो, फोटो काढू द्या, खूणही राहील. त्यांनी विचारलं, खुणेचा नियम कुठे लिहिलाय. मास्तर, तो खरंच कुठेच लिहिलेला नाही. मी म्हणालो, मग मी लिहितो. कागद घेतला आणि लिहिलं की यार्ड माझ्या ताब्यात आहे तोवर हात लावल्याशिवाय आणि खूण केल्याशिवाय एकही गाडी बाहेर जाणार नाही. खाली सही केली. तक्त्याखाली केली होती तशीच, पण या वेळी सगळे आकडे वाचून.

आज सकाळी बबनची गाडी मोबाइलने पास केली. नक्षी छान आहे फोटोत. मी हात आत घातला. आतल्या अंगाला, जिथे फोटो पोचत नाही तिथे, लिंबाएवढा फुगा आहे. स्टेपनी घासलेली. तिच्या जागी नवी मागितली होती, फोटोत ठीक दिसते म्हणून मिळाली नाही. गाडी भरलेली आहे आणि सासवडला जायची आहे. मी खूण केली नाही. वॉचमन नवा आहे, पण त्यालाही त्या बांबूचा दुसरा वापर मी शिकवलेला नाही.

बाकीच्या एकवीस गाड्या गेल्या. ही फाटकात उभी आहे आणि तिच्या पायरीवर बसूनच तुम्हाला लिहितोय. ऑफिसातून दोनदा फोन येऊन गेला. गाडी सोडा, दुपारी बघू, म्हणतात. मी नाही म्हणालो. तिसऱ्यांदा फोन आला तर लेखी खुलासा मागतील, कदाचित यार्डही काढून घेतील. घेऊ देत. तोपर्यंत गाडी इथेच.

आता परत वाजतोय. बबन म्हणतो, उचलू नका साहेब. मी उचलणार आहे. त्यांना एवढंच सांगणार आहे की वाघोलीला या, खाली बसा, आणि हात लावा.

तुमचा,
सायेब"